वणवा पेटण्यापूर्वी

तहान लागल्यावर विहीर खणावयास निघणाऱ्या माणसाला मराठी मनुष्य हंसतो. परंतु आग लागल्यावर पाणी शोधीत धांवणाऱ्या माणसाला कोणी हंसत नाहीं. उलट त्याच्या धांवपळीचें कौतुक होतें, आणि तो आगींत सांपडून मेला तर त्याचें स्मारकहि उभारलें जातें. तें उभारलें जावें हें योग्यच आहे. मात्र रानांतील आगीशीं पिढ्यान् पिढ्या झुंजत आलेल्या एका देशाच्या इतिहासावरून असें दिसतें कीं, वणव्याचा निकाल वणव्याच्या दिवशीं लागत नसतो. तो त्याआधींच्या महिन्यांत, किंबहुना त्याआधींच्या वर्षांत, बहुतांशीं लागून गेलेला असतो. हा देश म्हणजे ऑस्ट्रेलिया, आणि त्यांतहि विशेषेंकरून त्याच्या आग्नेय कोपऱ्यांतील व्हिक्टोरिया राज्य.

या प्रदेशाची रचनाच अशी आहे कीं, तेथें अग्नीला सर्व प्रकारचें साहाय्य मिळावें. मराठी लोक ज्या वृक्षाला निलगिरी म्हणतात, त्याचें मूळचें घर ऑस्ट्रेलिया होय. त्याच्या शेंकडों जाती तेथें आहेत. त्यांपैकीं व्हिक्टोरियाच्या डोंगरांत वाढणारी ‘माउंटन ॲश’ नांवाची जात पृथ्वीवरील सपुष्प वृक्षांत सर्वांत उंच समजली जाते. या वृक्षांच्या पानांत तेल असतें. कित्येक जातींची साल लांबलांब फितींच्या रूपानें खोडावरून सुटून लोंबत असते, आणि खालीं पानांचा व काटक्यांचा थर वर्षानुवर्षें सांचत जातो. तेथील उन्हाळा डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत असतो. त्या दिवसांत खंडाच्या मध्यभागावरून उत्तरेचा उष्ण व कोरडा वारा सुटतो. पेटलेली साल या वाऱ्यावर स्वार होऊन कित्येक किलोमीटर पुढें जाऊन पडते व तेथें नवी आग उत्पन्न करिते. म्हणूनच नदी, रस्ता किंवा मोकळें शेत मध्यें आहे एवढ्यावर तेथें कोणी निर्धास्त राहूं शकत नाहीं.

याहून घातक प्रकार पुढेंच असतो. अशा दिवसाच्या अखेरीस बहुधा दक्षिणेकडून थंड हवेची लाट येते आणि वारा एकाएकीं नैर्ऋत्येकडून वाहूं लागतो. उकाड्यानें त्रासलेल्या माणसाला वाटतें, संकट टळलें. परंतु तीच घटका सर्वांत मोठ्या संकटाची असते. उत्तरेच्या वाऱ्यानें आग एका लांब व अरुंद पट्ट्यांत पुढें गेलेली असते. वारा बाजूनें लागतांच त्या पट्ट्याची सबंध कूस आगीचें तोंड बनते, आणि जें गांव आगीच्या वाटेबाहेर होतें तें तिच्या समोर येतें.

निसर्गाच्या दृष्टीनें पाहिलें तर अग्नि हा या रानाचा केवळ शत्रु नव्हे. माउंटन ॲश प्रखर आगींत मरतो. पण त्याचें बीं त्याच राखेंत चांगलें रुजतें. या खंडांतील मूळच्या रहिवाशांनीं ही गोष्ट फार पूर्वींच ओळखली होती. ते गवताळ मैदानें व विरळ रानें ऋतु पाहून थोड्याथोड्या भागानें पेटवीत आणि त्या योगें शिकारीची व चाऱ्याची सोय करीत. १८३५ सालीं मेलबोर्नची वसाहत स्थापन झाली आणि थोड्याच वर्षांत मूळच्या लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकून लावण्यांत आलें. त्यांच्याबरोबर अग्नीचें तें ज्ञानहि बहुतेक ठिकाणांहून गेलें. नव्या मालकांनीं काडी लावण्याची रीत तेवढी उचलली, पण ऋतूचें व जागेचें भान उचललें नाहीं. कुरण पेटवून दिलें म्हणजे कोंवळें गवत येतें, ही समजूत सह्याद्रीच्या पायथ्याच्या गुराख्यालाहि परिचित आहे; ऑस्ट्रेलियांतील मेंढपाळांनीं ती हजारों हेक्टरांवर चालविली.

तिचा परिणाम दिसावयास फार काळ लागला नाहीं. ६ फेब्रुवारी १८५१ या दिवशीं व्हिक्टोरियाचा सुमारें चौथा हिस्सा, म्हणजे जवळजवळ ५० लक्ष हेक्टर भूमि, आगीखालीं आली. सुमारें १० लक्ष मेंढ्या जळाल्या. वस्ति विरळ असल्यामुळें मनुष्यहानि १२ इतकीच झाली. हा दिवस ‘काळा गुरुवार’ या नांवानें प्रसिद्ध आहे. विल्यम स्ट्रट नांवाच्या चित्रकारानें पुढें १८६४ सालीं पुऱ्या केलेल्या एका मोठ्या चित्रांत माणसें, घोडे व रानांतलीं जनावरें एकाच दिशेनें जीव घेऊन पळतांना दाखविलीं आहेत. तें चित्र मेलबोर्नच्या राज्य ग्रंथालयांत जपून ठेवलेलें आहे. चित्र राहिलें, परंतु त्या दिवसाची शिकवण मात्र राहिली नाहीं.

पुढील काळांत मेलबोर्न हें मोठें शहर झालें आणि त्याला घरें बांधण्यासाठीं लांकूड लागूं लागलें. लांकूड कापण्याच्या गिरण्या रानाच्या अगदीं पोटांत उभ्या राहिल्या. मजूर व त्यांचीं बायकामुलें गिरणीशेजारीं लांकडी घरांत राहत. सभोंवतीं भुशाचे ढीग व तोडलेल्या झाडांच्या फांद्या पडलेल्या असत, आणि बाहेर जावयास बहुधा एखादी अरुंद रुळांची वाट असे. १४ फेब्रुवारी १९२६ रोजीं, एका रविवारीं, वॉरबर्टनच्या परिसरांत ३१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या उन्हाळ्यांत एकंदर ६० माणसें गेलीं. नूजी हें गांव जळून गेलें. गांव पुन्हां त्याच जागीं वसलें, गिरण्याहि पूर्ववत् रानांतच चालूं लागल्या, आणि तेरा वर्षें गेलीं.

१९३९ सालच्या जानेवारींत रान वाळून कोळ झालें होतें. दीर्घ अवर्षणानें ओढे आटले होते. डिसेंबरपासूनच ठिकठिकाणीं लहानमोठ्या आगी धुमसत होत्या. कोणी कुरणासाठीं, कोणी जमीन साफ करण्यासाठीं, कोणी आपल्या घराभोंवतालचें गवत आधींच जाळून टाकावें म्हणून, तर कोणी केवळ निष्काळजीपणानें त्या लावल्या होत्या. या आगी विझविल्या गेल्या नाहींत, कारण त्या दुसऱ्याच्या जमिनीवर होत्या किंवा कोणाच्याच जमिनीवर नव्हत्या. शुक्रवार, ता. १३ जानेवारी रोजीं मेलबोर्न येथें उष्णता ४५.६ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढली आणि उत्तरेच्या प्रचंड वाऱ्यानें त्या सर्व विखुरलेल्या आगी एकत्र केल्या.

त्या उन्हाळ्याच्या वणव्यांत ७१ माणसें मेलीं. सुमारें २० लक्ष हेक्टर भूमि जळाली. ६९ गिरण्या नष्ट झाल्या. नूजी दुसऱ्यांदा जळालें. नार्बेथाँग व वुड्स पॉइंट या गांवांचीहि तीच गति झाली. समुद्रापलीकडे न्यूझीलंडपर्यंत राख जाऊन पडली. जीं माणसें गिरण्यांत सांपडलीं, त्यांच्या जीवनमरणाचा प्रश्न बहुतेक ठिकाणीं एकाच गोष्टीवर ठरला. ती म्हणजे जमिनींत खणलेलें व मातीनें झांकलेलें आसऱ्याचें भुयार. जेथें तें नीट बांधलेलें होतें, तेथें माणसें ओलीं कांबळीं तोंडाशीं धरून आंत बसलीं आणि डोक्यावरून आग गेल्यावर जिवंत बाहेर आलीं. मॅटलॉकजवळील एका गिरणींत असा आसरा नव्हता; तेथें १५ माणसें मेलीं व एकच वांचला. घाईगर्दीनें किंवा कच्चा केलेला आसराहि उपयोगाचा नव्हता, कारण एके ठिकाणीं भुयारच कोसळून आंतील माणसें दगावलीं. भुयार खणावयास कांहीं दिवसांचे कष्ट लागतात. ते कष्ट डिसेंबरांत केले नसतील तर जानेवारींत त्यांना मोल नव्हतें.

या अनर्थाची चौकशी करण्यासाठीं लिओनार्ड स्ट्रेटन या न्यायाधीशाची नेमणूक झाली. अवघ्या चार महिन्यांत, मे १९३९ मध्यें, त्यानें आपला अहवाल सादर केला. सरकारी अहवाल सहसा धूळ खात पडतात; हा मात्र भाषेच्या सौष्ठवामुळें व निर्भीडपणामुळें अनेक पिढ्यांनीं वाचला. स्ट्रेटननें गांवोगांवीं बसून साक्षी घेतल्या. त्याला आढळून आलें कीं, खरें सांगावयास कोणी सहजासहजीं तयार नाहीं. मजूर मालकाला भीत होता, कुरणवाला जंगल-खात्याला भीत होता, आणि खात्याचे अधिकारी आपसांतच एकमत नव्हते. पाणीपुरवठ्याचीं रानें सांभाळणाऱ्या मंडळाला रान मुळींच जाळूं नये असें वाटे. जंगल-खात्यांत कांहीं भाग वेळींच जाळावा असें मत होतें. आणि या वादांत वाळलेला पाचोळा जेथल्या तेथें सांचत राही.

स्ट्रेटनच्या निर्णयाचा गाभा असा होता कीं, हे वणवे आकाशांतून पडले नव्हते. ते माणसाच्या हातानें लागले होते. तरीहि त्यानें कोणा एका अपराध्यास पुढें ओढून समाजाचें समाधान केलें नाहीं. शेतकरी, गुरें पाळणारा, लांकूडतोड्या, शिकारी, सहलीसाठीं रानांत तळ ठोकणारा शहरी मनुष्य, या सर्वांच्या संवयीला त्यानें दोषी धरलें. प्रत्येकाची आग लहान होती व प्रत्येकाला ती आपल्यापुरती निरुपद्रवी वाटत होती. मोसमाच्या प्रारंभीं ती निरुपद्रवी असेलहि. परंतु विझल्यासारखें दिसणारें एक खोड आंतल्या आंत आठवडेच्या आठवडे जळत राहतें आणि एका वादळी दिवसाची वाट पाहतें.

त्याच्या सूचनाहि याच विचारावर उभ्या होत्या. थंड ऋतूंत, हवा पाहून, ठराविक भाग नियंत्रित रीतीनें जाळावा. रानांतून जाळरेषा व रस्ते काढावेत. ठिकठिकाणीं पाण्याचे साठे करावेत. रानांतील गिरण्यांना आसऱ्याचीं भुयारें सक्तीचीं करावींत. धोक्याच्या दिवशीं उघड्यावर आग पेटविण्यास बंदी असावी. मुलांना शाळेंत या विषयाचें शिक्षण द्यावें. आणि ग्रामीण भागासाठीं एकच अग्निसंरक्षक संस्था असावी. यांपैकीं कांहीं गोष्टी लगेच झाल्या. जंगल-खात्याचे अधिकार वाढले, टेहळणीचे मनोरे उभे राहिले, भुयारें खणलीं गेलीं, आणि गिरण्या हळूहळू रानांतून उठून गांवांत आल्या. ही शेवटची सुधारणा सर्वांत परिणामकारक ठरली, कारण जेथें वणवा अटळ आहे तेथून वस्तीच हलविल्यानें एक मोठा धोका समूळ नाहींसा झाला. परंतु एका संस्थेची सूचना मात्र तशीच राहिली. १९४३ च्या डिसेंबरांत वँगरॅटाजवळ १० स्वयंसेवक आगींत मेले, १९४४ च्या उन्हाळ्यांत पुन्हां मोठे वणवे लागले, तेव्हां कोठें कायदा झाला आणि एप्रिल १९४५ मध्यें ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ ही संस्था काम करूं लागली. गांवोगांवचे स्वयंसेवक हाच तिचा आजहि मुख्य आधार आहे.

शास्त्रज्ञांनीं काळ्या शुक्रवाराला आणखी एका प्रकारें जतन करून ठेवलें. ॲलन मॅकआर्थर या संशोधकानें उष्णता, हवेंतील ओलावा, वाऱ्याचा वेग व अवर्षण यांवरून वणव्याच्या धोक्याचा अंक काढण्याची पद्धति बसविली. १९६७ सालीं रूढ झालेल्या त्याच्या मापनांत १०० हा अंक १३ जानेवारी १९३९ च्या हवेचा निदर्शक होता. याहून वाईट दिवस उगवेल असें त्या काळीं फारसें कोणाला वाटत नव्हतें.

मधल्या काळांत लोकांची राहणी बदलली. मजूर रानांतून बाहेर आले होते. आतां शहरांतील सुखवस्तु माणसें शांततेसाठीं व सृष्टिसौंदर्यासाठीं रानाच्या कडेला घरें बांधून राहूं लागलीं. ओसरीवर झाडांची सावली यावी, खिडकीला वेल लागावी, ही त्यांची आवड होती. १६ फेब्रुवारी १९८३ या दिवशीं, ज्याला ‘ॲश वेन्सडे’ असें म्हणतात, व्हिक्टोरियांत ४७ व शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियांत २८ अशीं ७५ माणसें मेलीं आणि २,००० हून अधिक घरें जळालीं. अप्पर बीकन्सफील्ड येथें १२ स्वयंसेवक एकदम गेले. वारा फिरला व आगीची कूस त्यांच्यावर आली.

या आपत्तीनंतर घराघराची तपासणी झाली आणि दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी कीं, पुष्कळ घरें ज्वाळांच्या भिंतीनें जळत नाहींत. उडत येणारे निखारे पन्हाळींतल्या पाचोळ्यांत, ओसरीखालच्या लांकडांत किंवा कौलांच्या फटींत पडतात, आणि मुख्य आग निघून गेल्यावर घर पेटतें. असें घर आधींच स्वच्छ ठेवलेलें असेल व विझविणारा सशक्त मनुष्य जागेवर असेल तर तें पुष्कळदां वांचतें. दुसरी अशी कीं, पुष्कळ माणसें घरांत न मरतां उशिरां निघाल्यामुळें वाटेवर मेलीं. धुरांत रस्ता दिसत नाहीं, झाडें आडवीं पडतात, आणि मोटार ही उष्णतेपासून फारसें संरक्षण देत नाहीं. यावरून असें धोरण ठरलें कीं, रहिवाशानें एक तर पूर्ण तयारीनें घरीं राहून घर राखावें, नाहीं तर फार लवकर निघून जावें.

हें धोरण तर्कशुद्ध होतें; पण ७ फेब्रुवारी २००९ या शनिवारीं त्याची मर्यादा उघड झाली. त्या दिवशीं मेलबोर्न येथें ४६.४ अंश उष्णता झाली, आणि मॅकआर्थरचा अंक शंभराच्या पुष्कळ पुढें गेला. किंगलेक, मेरीझव्हिल, स्ट्रॅथ्यूअन या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. १७३ माणसें मेलीं व त्यांपैकीं ११३ घरांच्या आंत मेलीं. सर्वांत भीषण आग विजेच्या तुटलेल्या तारेमुळें लागली होती. तिनें एकटीनें ११९ बळी घेतले. चौकशींत असें दिसलें कीं, राहूं कीं जाऊं याचा निर्णय अनेकांनीं आग डोळ्यांना दिसेपर्यंत केलाच नव्हता. इशारेहि कित्येकांना वेळेवर मिळाले नव्हते. कांहीं माणसांची तयारी चांगली होती, तरीहि त्या दिवसाच्या आगीपुढें ती पुरी पडली नाहीं. जुलै २०१० मध्यें चौकशी-मंडळानें ६७ शिफारशी केल्या. तेव्हांपासून सर्वांत भयंकर दिवसासाठीं एक वेगळी पायरी ठरविण्यांत आली आणि अशा दिवशीं घर कितीहि सज्ज असलें तरी तें सोडून जाणें हाच एक मार्ग, असें सांगितलें जाऊं लागलें. २०२२ च्या सप्टेंबरपासून सबंध ऑस्ट्रेलियासाठीं धोक्याच्या चार पायऱ्यांची एकच पद्धति लागू झाली.

आज तेथील रहिवाशाला व प्रवाशाला जे नियम सांगितले जातात, ते वाचावयास अगदीं साधे वाटतात. परंतु त्यांतील पुष्कळांच्या मागें एखादी काळी तारीख उभी आहे. उन्हाळ्यापूर्वीं पन्हाळींतला पाचोळा काढावा. गवत कापून आंखूड ठेवावें. जळाऊ लांकडें भिंतीपासून दूर रचावींत. वीज व नळ बंद पडतील हें गृहीत धरून पाण्याची टांकी व पंप स्वतःचा असावा. भयंकर धोक्याच्या दिवशीं आदल्या रात्रीं किंवा सकाळींच निघावें, आणि कोठें जावयाचें व कोणत्या वाटेनें, हें कुटुंबानें मोसमाच्या प्रारंभींच ठरवून ठेवावें.

रानांत तळ ठोकणाऱ्यासाठीं व्हिक्टोरियाचा नियम याहूनहि निश्चित आहे. चूल बांधलेली नसेल तेथें किमान ३० सेंटिमीटर खोल चर खणूनच शेकोटी करावी. तिच्या सभोंवतीं व वर ३ मीटरांत पेटण्यासारखें कांहीं नसावें. ती राखणाराशिवाय सोडूं नये. आणि विझवितांना माती न टाकतां पाणीच ओतावें, कारण मातीखालीं निखारा जिवंत राहतो. हात लावून राख थंड लागली म्हणजेच शेकोटी विझली. बंदीच्या दिवशीं शेकोटी मुळींच नाहीं, आणि धोका मोठा असेल तर सहलीचा बेतच रद्द करावयाचा. डोंगरावर आग चढावाकडे अधिक वेगानें धांवते. उतार दर १० अंशांनीं वाढला तर तिचा वेग सुमारें दुप्पट होतो. म्हणून वणवा दिसतांच वर चढत जाणें हा बहुधा चुकीचा मार्ग असतो. जळून गेलेली किंवा उघडी जमीन गांठावी, लोंकरी किंवा सुती वस्त्रानें अंग झांकावें, आणि उष्णतेला आड येईल अशा आश्रयास जमिनीलगत पडून राहावें. हा शेवटचा उपाय आहे. त्या प्रसंगापर्यंत न येणें हा पहिला.

इतकें सारें ठाऊक असूनहि तीच दुःखें पुन्हां कां यावींत, या प्रश्नाचें उत्तर रानाच्या वाढींतच सांपडतें. १८५१, १९२६, १९३९, १९८३, २००९ या सालांकडे पाहिलें तर दोन मोठ्या आपत्तींमध्यें पुष्कळदां एक सबंध पिढी गेलेली दिसते. तेवढ्या अवधींत पाचोळ्याचा थर पुन्हां पूर्वीइतका सांचतो, आणि ज्यांनीं ती आग पाहिली त्यांची जागा, ज्यांनीं ती ऐकली सुद्धां नाहीं, असे लोक घेतात. एक वाढत जातें व दुसरें घटत जातें. नियंत्रित जाळणीचा धूर नको म्हणून तक्रार करणारा, पन्हाळ साफ करण्याचें उद्यांवर ढकलणारा, एवढ्याशा शेकोटीनें काय होतें असें म्हणणारा मनुष्य दुष्ट नसतो. त्याला तो दिवस आठवत नसतो इतकेंच. म्हणूनच स्ट्रेटननें शाळेंतील शिक्षणाचा आग्रह धरला होता.

मेलबोर्नहून नार्बेथाँगकडे जाणारा ‘ब्लॅक स्पर’ नांवाचा घाट आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस माउंटन ॲशचें उत्तुंग रान आहे, आणि तें पाहण्यासाठीं दूरदूरचे प्रवासी येतात. सरळ गेलेलीं तीं खोडें पाहून पुष्कळांना तें रान पुरातन असावें असें वाटतें. परंतु नीट पाहणाऱ्याच्या ध्यानांत येतें कीं, त्यांतील बहुतेक वृक्ष एकाच वयाचे आहेत. १९३९ च्या जानेवारींतील राखेंत रुजलेले ते रोपे आज वृक्ष झाले आहेत. या वृक्षाला बीं धरावयास १५ ते २० वर्षें लागतात. त्याच्या आंत दुसरी प्रखर आग आली तर त्या जागीं तें रान पुन्हां आपोआप उगवत नाहीं. त्या घाटांतून मोटारीनें जाणाऱ्याला सावली मिळते, गारवा मिळतो, आणि त्या गारव्यांत ती तारीख आठवण्याचें कारण दिसत नाहीं. मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशीं त्याच घाटाखालच्या वस्त्यांतील स्वयंसेवक घरोघर फिरून पन्हाळी पाहतात, जाळरेषा साफ करितात आणि नव्या रहिवाशांना निघण्याची वाट दाखवून ठेवतात. या कामाचीं स्मारकें होत नाहींत. कारण तें साधलें म्हणजे सांगण्यासारखें कांहीं घडतच नाहीं.